कारण सांगत नाही

आमच्या ग्रंथालयाच्या दाराशी एक पाटी होती, 'ग्रंथपाल (अभियांत्रिकी व विदा)'. विदा म्हणजे डेटा. हा शब्द ज्याने काढला त्याने तो आयुष्यात एकदाही तोंडाने उच्चारला नसणार, असं माझं मत आहे. पाटीवर खाली नाव होतं, कौसल्या दत्ताराम गमरे. ही बाई त्या पाटीमागे तेहतीस वर्षं बसली आणि मी तिच्या समोरच्या टेबलाशी, सहायक ग्रंथपाल म्हणून. मी मृणालिनी पाध्ये, गिरगावातली. आम्ही दोघी एकमेकींना शेवटपर्यंत गमरेबाई आणि पाध्येबाईच म्हणत आलो.

खरं सांगायचं तर ती खुर्ची मला मिळणार असं मी धरूनच चालले होते. मी तिच्या तीन वर्षं आधी लागलेली. पण १९९१ साली जागा भरायची वेळ आली तेव्हा ती राखीव निघाली, आणि वरळीच्या बीडीडी चाळीतली पंचवीस वर्षांची मुलगी येऊन तिथे बसली. सगळे म्हणाले, राखीव जागेवर आली. तिचे मार्क माझ्यापेक्षा अकरा टक्क्यांनी जास्त होते, हे कुणी म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही.

आमची संस्था विद्यापीठाची, इंजिनिअरिंगची, परळच्या बाजूला. ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून पूर्वी चार गिरण्यांची धुराडी दिसायची. मग तीन दिसायला लागली, मग एक, आणि आता करी रोडचे टॉवर दिसतात, ज्यांच्याकडे बघून मान दुखते. पुस्तकं देणं-घेणं हे माझं काम. गमरेबाईंचं काम निराळं. इंजिनिअरिंगच्या पोरांनी आणि मास्तरांनी वर्षानुवर्षं घेतलेली रीडिंगं, पंपांची, पुलांच्या तुळयांची, यंत्रांची, सगळी कागदावरून कॉम्प्युटरवर आणायची, लावून ठेवायची आणि मागेल त्याला शोधून द्यायची. कंटाळवाणं काम. तिने ते न कंटाळता केलं असं मी म्हणणार नाही. कंटाळत कंटाळत केलं, पण चोख केलं. कुणी आकडा घेऊन आला की ती तीन प्रश्न विचारायची. कोणी मोजला? केव्हा? कशाने? उत्तर नसेल तर कागद परत. "ज्या आकड्याचा ठावठिकाणा नाही, तो आकडा नाही. अफवा आहे," असं म्हणायची. प्राध्यापक लोक तिला टरकून असत.

वागायला शिष्ट होती. म्हणजे मी तरी तिला शिष्ट समजत होते. डबा एकटीने खायची. पाणी घरून आणायची, निळ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, पुढे स्टीलच्या. कोपऱ्यात आमचा माठ होता, वाळा घातलेला, सगळी संस्था त्यातलं पाणी प्यायला यायची, पण गमरेबाईंनी कधी त्याला हात लावला नाही. मी चिडवायचे. "काय हो गमरेबाई, बीडीडीच्या नळाला अमृत येतं वाटतं?" ती नुसती हसायची आणि समोरचा कागद ओढून घ्यायची.

तिचे वडील दत्ताराम गमरे करी रोडच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते, जिथे सूत कातलं जातं. तेही बदली कामगार. बदली म्हणजे रोज पाळीच्या वेळी दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या मशीनवर जायचं, नाहीतर घरी यायचं. असं सतरा वर्षं. मग ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला आणि मार्चमध्ये गमरेबाईंची दहावीची परीक्षा होती. संप कधी मिटलाच नाही. वडील रंगाऱ्याच्या हाताखाली गेले, आई कमलाबाई एका वसतिगृहात पोळ्या लाटायला जाऊ लागल्या, आणि मुलगी शिकली. हे सगळं मला पुष्कळ उशिरा कळलं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

आता त्या कागदांची गोष्ट.

संप सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात, ११ ते १३ जानेवारीला, आमच्याकडचे प्राध्यापक गंगाधर सबनीस यांनी पोरांना त्याच गिरणीत पाठवलं होतं. हातात स्टॉपवॉच आणि छापील तक्ते. एकेका कामगारापाशी एकेक पोरगा उभा. धागा किती वेळा तुटला, सांधायला किती सेकंद लागले, माणूस मशीन सोडून किती वेळ गेला, सगळं लिहायचं. वर कामगाराचं नाव, तिकीट नंबर, खाली सही किंवा अंगठा, आणि शेवटी शेरा. असे दोनशे अठरा तक्ते झाले. नंतर गिरणीच बंद पडली, तेव्हा तो अभ्यास कुणाच्या कामाचा राहिला नाही आणि तक्ते गोणपाटात बांधून आमच्या माळ्यावर पडले.

१९९४ साली त्यांना वाळवी लागलेली दिसली. सबनीससर म्हणाले, आकडे कॉम्प्युटरवर घ्या, कागद बाद करा. आणि नावं घेऊ नका, नावांचा अभ्यासाला काय उपयोग, नंबर द्या. गमरेबाईंनी तसंच केलं. दोनशे अठरा माणसांचे क-१ ते क-२१८ झाले. तारीख, पाळी, मशीन, धागे, सेकंद, शेरा, सगळं नीट आत गेलं. कोणत्या नंबराचा माणूस कोण, ही यादीसुद्धा ठेवली नाही. बाद करायच्या कागदावर दोन सह्या लागत. एक तिची, एक माझी. मी वाचलंही नाही, सही ठोकून दिली. गोणपाटं रद्दीत गेली.

आणि मग बैल गेला आणि झोपा केला अशी वेळ आली. गिरण्यांच्या जागांवर टॉवर उभे राहिले, पुष्कळ वर्षांनी सरकारने गिरणी कामगारांना घरं द्यायचं ठरवलं आणि अर्ज मागवले. अट एकच, ब्याऐंशीच्या जानेवारीत तुम्ही कामाला होता याचा पुरावा आणा. आता कोण आणणार? संपात माणसांनी भांडी विकली, कागद कोण सांभाळतो? आमच्या त्या गिरणीचं तर सगळं दप्तरच नाहीसं झालेलं.

पहिले आले धोंडू परब. लालबागचे, मालवणकडचे, हातात प्लॅस्टिकची पिशवी. जिने चढून दम लागलेला.

"बाय, संपाच्या आदल्या आठवड्यात तुमच्या कालेजची पोरा घड्याळां घेऊन इल्ली," ते म्हणाले. "माझी सही घेतल्यानी कागदावर. तो कागद व्हयो होतो."

गमरेबाईंचा चेहरा असा पांढराफटक पडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. तिने त्यांना बसवलं आणि खरं ते सांगितलं. कागद नाहीत. नावं काढली. मीच काढली. परब तिच्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "बरां," एवढंच म्हणाले आणि पिशवी उचलली.

त्या शनिवारपासून तिने एक काम अंगावर घेतलं, जे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दर शनिवारी दुपारी ग्रंथालय बंद झालं की त्या गिरणीचे म्हातारे यायचे. ती एकेकाला वेगळा बसवायची, समोर कोरा कागद ठेवायची आणि विचारायची. कुठली पाळी? कितव्या नंबरचं मशीन, कुठली बाजू? पोरगा उभा होता तेव्हा काय झालं? एकाला आठवायचं की पट्टा तुटला होता. एकाला आठवायचं की शिंका येत होत्या. सगळं लिहून झालं, खाली सही झाली, की मगच ती कॉम्प्युटर उघडायची. आधी कधीच नाही. मशीन, पाळी, तारीख आणि वर आणखी दोन गोष्टी जुळल्या, तर पत्र द्यायचं. नाही जुळल्या तर नाही.

त्या पत्राची भाषासुद्धा तिचीच. 'आमच्या नोंदींतील कामगार क्र. क-११२ याचे वर्णन अर्जदाराने नोंद न पाहता सांगितलेल्या माहितीशी जुळते. यापेक्षा अधिक आम्ही सांगू शकत नाही.' खाली तिची सही, शेजारी माझी. मी त्या शेवटच्या ओळीवरून तिच्याशी कडाकडा भांडले. "स्वतःच्याच दाखल्याला स्वतःच कात्री कशाला लावता? म्हातारे आहेत, लिहा की सरळ, हाच तो माणूस म्हणून!"

"मला माहीत नाही ते कसं लिहू?" ती म्हणाली. "एकदा खोटं लिहिलं की बाकीची सगळी पत्रं खोटी."

दोन वर्षं हे चाललं. चाळीस माणसं आली, सतरा जुळली. क-११२ म्हणजे धोंडू परबच निघाले. बाकीचे तेवीस जण जिने उतरून गेले, ते उतरताना कसे दिसायचे ते मी सांगत बसत नाही. शनिवार संपला की गमरेबाई खुर्चीत तशीच बसून राहायची, चपला काढून, पाय लांब करून. मीही थांबायला लागले होते. का, विचारू नका. घरी जाऊन तरी काय करायचं होतं?

अर्जांची मुदत संपायला महिना राहिला आणि एक दिवस कमलाबाई, तिची आई, स्वतः ग्रंथालयात आल्या. नऊवारी, डोळ्यांना जाड चष्मा. मुलगी वर सभेला गेली होती. त्या माझ्यासमोर बसल्या.

"बाई, तुमी सही करता ना कागदावर? मग सगळ्यांचा कागद झाला, आमच्या ह्यांचा का नाय झाला? कौशीला विचारलं की गप बसते. एकशे साठ फुटाच्या खोलीत जन्म गेला. ह्यांचा फॉर्म नुसता घरात पडलाय."

त्यांचा फॉर्म, त्यांचं घर, आणि पुरावा देणारी त्यांचीच मुलगी. संध्याकाळी चार वाजता मी गमरेबाईंना सरळ विचारलं.

"वडील बदली होते," ती म्हणाली. "तीन दिवस तीन मशीनं. त्यांना कुठली ते आठवत नाही. जुळणार कसं?"

"शेऱ्यावरून?"

तिने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला, एक ओळ काढली आणि स्वतः खिडकीकडे बघत बसली. मी वाचलं. 'क-४७. पाणी पिण्यासाठी खात्यातील माठ सोडून मागच्या अंगणातील नळावर जातो. प्रत्येक वेळी सहा मि. चाळीस से. कारण विचारले असता सांगत नाही.'

"चौऱ्याण्णव साली हा तक्ता हातात आला तेव्हा त्यावर नाव होतं," ती म्हणाली. "बाबांची सही होती. आणि हा शेरा. पाध्येबाई, माझ्या आजोबांच्या वेळी आमच्या लोकांना गिरणीत माठाला हात लावू देत नसत, हे मी ऐकलं होतं. पण ब्याऐंशी सालीसुद्धा? आणि माझा बाप मुकाट्याने तिकडे लांब जात होता? कुणीतरी पोरगा घड्याळ लावून उभा आहे, आणि हा मान खाली घालून चाललाय. मला इतकी लाज वाटली. सर म्हणाले नावं काढा, तेव्हा मला बरं वाटलं. यादीसुद्धा मी मुद्दाम ठेवली नाही. सर यादी ठेवू नका असं म्हणाले नव्हते."

म्हणजे दोनशे अठरा माणसांची नावं एका नावापायी गेली होती. आणि आता बापाला पत्र द्यायचं तर हाच शेरा पत्रात लिहायला हवा, घरांच्या कचेरीत चार लोकांनी वाचायला हवा, आईला कळायला हवा. बापाला विचारायला हवं.

मी तिला धीराचे दोन शब्द सांगायला हवे होते. पण माझ्या तोंडून ते निघेनात. आमच्या गिरगावच्या घरी झाडूवालीचा कान तुटलेला कप खिडकीत उपडा घातलेला असायचा. मी तो रोज बघत मोठी झाले. मी कुठल्या तोंडाने बोलणार?

"मी विचारते वडिलांना," मी म्हणाले. "तुम्ही मुलगी, तुम्हाला विचारता येणार नाही. घरच्याने घरच्याचा जबाब घ्यायचा नाही, तुमचाच नियम."

आधी मी धोंडू परबांना बोलावलं. नाव न घेता विचारलं, खात्यातून मागच्या नळावर पाणी प्यायला कोण जायचं?

"एकच," परब लगेच म्हणाले. "दत्ता गमरे. आम्ही तेका चिडवी, म्युनिसिपालटीचो जावई. खात्यातल्या माठाचा पाणी तेका चलत नसा. शिष्ट होतो." आडनाव एकच असूनही गमरेबाई त्याचीच मुलगी हे परबांच्या तेव्हाही ध्यानात आलं नव्हतं. मी लिहून घेतलं, सही घेतली.

पुढच्या शनिवारी दत्ताराम आले. अडुसष्ट वर्षांचे, काटकुळे, पांढरा शर्ट इस्त्री केलेला. हातात कापडी पिशवी. मी त्यांच्यासाठी माठातलं पाणी आणायला उठले तर म्हणाले, "नको बाई, आणलंय." पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. गमरेबाई मागे कार्डांच्या जुन्या कपाटापाशी उभी होती. तिने काही बोलायचं नाही असं ठरलं होतं.

मी प्रश्न विचारायला लागले. पाळी? "जी मिळंल ती." मशीन? "बदलीला कसलं आलंय मशीन." धागे किती तुटले? "तुटले आसतील. मी काय मोजत नव्हतो, तो पोरगा मोजत होता." कागद कोराच.

"मशीन सोडून कुठे जात होता का?"

"पाणी प्यायला."

"कुठे?"

"मागं. बॉयलरच्या बाजूला नळ होता, अंगणात. बिडी संपंल एवढा टाइम लागायचा जायला-यायला. जॉबर, म्हंजे मुकादम, शिव्या घालायचा."

मी लिहिलं. असा शेरा दोनशे अठरांत एकाच नोंदीला होता आणि परबांची साक्ष हातात होती, त्यामुळे एवढं पुरे होतं. पण शेऱ्यातले शेवटचे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात.

"काका, खात्यात माठ होता ना? मग एवढ्या लांब का?"

मागे कपाटाचा एक खण वाजला. म्हाताऱ्याने बाटली जवळ ओढली.

"माजा बाप त्याच गिरणीत होता," तो म्हणाला. "त्याच खात्यात. कापड खात्यात आमच्या मानसांना घेत नव्हते. धोट्याचा धागा तोंडानं वढायला लागायचा, आमचं उष्टं कोणाला चालंल? म्हणून रिंग खातं. तिथं माठ होता, दुसऱ्यांचा. आमी नळावर जायचं. एकदा मे महिन्यात बापाला चक्कर आली, घेतलं त्यानं माठातलं वंजळभर. मुकादमानं त्याच्या डोळ्यांसमोर तो माठ फोडला. भरलेला. सगळं खातं बघत होतं."

"आणि तुमच्या वेळी?"

"मी लागलो पासष्ट साली. छप्पनची दीक्षा होऊन गेलेली. कोण काय बोलत नव्हतं. जॉबर स्वतः सांगायचा, दत्ता, हितलंच पी ना रे, कशाला टाइम घालवतोस. कोण आडवत नव्हतं बाई मला." त्यांनी मान वर केली. "मीच नाय प्यायलो. सतरा वर्षं. माज्या बापाला नाय दिलंत, आता मला कशाला? ठेवा तुमचा माठ तुमच्यापाशी."

"त्या मुलाने विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"त्याला काय सांगनार? तो त्याच माठाचं पाणी पिऊन आल्ता."

गमरेबाई पुढे आली. वडिलांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, घरी कधी बोलला नाहीत."

"त्यात काय बोलायचं, बाय? तहान लागली, पाणी प्यायलो."

तिने तोंड फिरवलं. ती रडत होती आणि ते लपवत नव्हती. चौऱ्याण्णवपासून सतरा वर्षं ज्याची लाज वाटून ती गप्प राहिली, ती बापाची लाचारी नव्हतीच. आणि मी? माझ्यासमोर टेबलावर म्हाताऱ्याची बाटली होती, आणि पलीकडे तिच्या टेबलावर तिची. मी एकदा ही बघितली, एकदा ती. आणि मला तो ग्लास आठवला.

१९९१ सालचा पहिला आठवडा. माठापाशी सहा स्टीलचे ग्लास असायचे. कुशाबा नावाचा शिपाई होता. मी त्याला सांगितलं होतं, "नवीन बाईंचा ग्लास वेगळा ठेव रे, तो पोचा पडलेला." बस, एवढंच. मनात काही फार होतं असंही नाही, घरी बघितलेलं हातून झालं. कुशाबाने तो ग्लास खिडकीत उपडा घातला. दोन दिवस गमरेबाई त्यातून पाणी प्यायली. तिसऱ्या दिवशी निळी बाटली आली. आणि मी ते विसरून गेले, इतकं साफ की वीस वर्षं तिला शिष्ट म्हणत राहिले, अमृताचे विनोद करत राहिले. ती कारण सांगत नव्हती, आणि सांगणार तरी कुणाला?

त्या दिवशी मी फक्त पत्र तयार केलं. दोन सह्यांपैकी एक तिची चालणार नव्हती. मी सुचवलं की मुलगी आहे हे कोण बघतंय, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय सोडला. दुसऱ्या सहीसाठी आम्ही सबनीससरांच्या दादरच्या घरी गेलो. सर ऐंशीच्या पुढचे. दोनदा वाचून त्यांनी विचारलं, "नावं मीच काढायला सांगितली होती ना?" गमरेबाईने पेन पुढे केलं. त्यांनी सही केली. शेवटची ओळ होतीच, यापेक्षा अधिक आम्ही सांगू शकत नाही. माझी तिच्यावर पुन्हा हरकत होती, पण या वेळी मी भांडले नाही.

क-४७ च्या नोंदीला तिने हात लावला नाही. मूळ नोंद बदलायची नसते. फक्त खाली एक टीप घातली, तारीख घालून. 'कारण कामगाराने सांगितले आहे.' आणि पुढे म्हातारा बोलला ते सगळं, शब्दाला शब्द.

आठ महिन्यांनी यादी लागली. दत्ताराम गमरे, पात्र. पात्र म्हणजे घर मिळालं असं नाही, सोडतीत चिठ्ठी निघायला पात्र. पहिल्या सोडतीत निघाली नाही, दुसरीतही नाही. त्यानंतर म्हातारा गेला, त्याच एकशे साठ फुटाच्या खोलीत. अर्ज आता कमलाबाईंच्या नावावर आहे आणि त्या प्रत्येक सोडतीच्या दिवशी मला फोन करतात, जशी काही चिठ्ठी मीच काढणार आहे.

यादी लागली त्या दुपारी गमरेबाई यादीची प्रत घेऊन आली, माझ्या टेबलावर ठेवली, आपल्या जागेवर गेली आणि टाइप करायला लागली. ग्रंथालयात दुसरं कुणी नव्हतं. मी आठ महिने जे घशात धरून बसले होते ते आता बोलायलाच हवं होतं.

"गमरेबाई," मी म्हणाले, "एक्याण्णव साली कुशाबाने तो ग्लास खिडकीत ठेवला होता ना, ते त्याला सांगणारी..."

तिची बोटं थांबली नाहीत.

"नोंद आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "नाव काढून टाकलंय."

मग तिने टेबलावरची बाटली उचलली, झाकण उघडलं आणि पाणी प्यायली.